‘नाही’ कुणी म्हणायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, “तुझ्या कामाबद्दल बोल, पण आम्हाला कळेल असं बोल.” म्हणजे सॉफ्टवेअरबद्दल फार बोलू नकोस, असा त्याचा सभ्य अर्थ. म्हणून मी आज संगणकाबद्दल कमी आणि काउंटरबद्दल जास्त बोलणार आहे. मोठ्या दुकानांत बिल करायला जी यंत्रणा वापरतात, ती तयार करण्याचं काम मी गेली काही वर्षं करते. बिल फाडणं ही त्यातली सोपी गोष्ट. अवघड गोष्ट असते ती म्हणजे बिल न फाडणं. समोर गिऱ्हाईक आहे, त्याच्या हातात पैसे आहेत, मागे कपाटात माल आहे, आणि तरी ‘देता येणार नाही’ असं सांगायचं. मोबाइल फोनच्या दुकानात हा प्रसंग रोज येतो, कारण तिथे येणारे सगळेच फोन वापरायला घेत नाहीत. काही जण तो पुढे विकायला घेतात.

हा धंदा आपल्याला नवा नाही. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ लागला तेव्हा टॉकीजबाहेर खिडकीवरच्या दरापेक्षा जास्त भावाने तिकिटं विकणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. हाऊसफुल्लचा फलक लागायचा आणि त्याच फलकाखाली तिकिटं मिळायची. खिडकीमागे बसलेल्या माणसाला समोरची मुलं ओळखीची होती. तरी तो तिकिटं द्यायचा की नाही, याचा विचार तेव्हा आपण केला नाही. आपल्याला पिक्चर बघायचा होता.

आता तिकिटाच्या जागी फोन आलाय. पुन्हा विकण्यासाठी फोनसारखी सोयीची वस्तू शोधून सापडणार नाही. लहान, महाग, सीलबंद आणि जगात कुठेही गेलं तरी तीच. शर्ट घेतला तर मापाचा प्रश्न येतो, टीव्ही घेतला तर उचलण्याचा. फोनचे दहा डबे मात्र एका पाठपिशवीत मावतात. आणि त्याची किंमत सगळीकडे सारखी नसते. एका देशात कर जास्त, दुसऱ्यात कमी. एका देशात नवं मॉडेल आज येतं, दुसऱ्यात महिन्याने. आपल्याकडे २०१८ च्या अर्थसंकल्पात आयात केलेल्या मोबाइलवरचं सीमाशुल्क २० टक्के झालं, ते २०२४ च्या जुलैमध्ये १५ टक्क्यांवर आलं. शिवाय एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणूनच मी परदेशात होते तेव्हा शाळेतल्या ज्यांनी मला दहा वर्षांत पत्र पाठवलं नव्हतं, त्यांचेही निरोप यायचे, “येताना एक फोन आणशील का?” (नावं घेत नाही. तिसऱ्या रांगेत बसले आहेत.)

आता थोडा हिशेब. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ रोजी विक्रीला आला. तो एकाच मोबाइल कंपनीच्या जोडणीवर, दोन वर्षांच्या करारासकट वापरायचा होता. ऑक्टोबरमध्ये ॲपलचे त्या वेळचे मुख्य कार्यचालन अधिकारी टिम कुक यांनी सांगितलं की तोवर विकल्या गेलेल्या सुमारे १४ लाख फोनांपैकी अंदाजे अडीच लाख फोन कुलूप तोडून दुसऱ्या जोडणीवर चालवण्याच्या हेतूने घेतलेले असावेत. म्हणजे साधारण सहातला एक. त्याच महिन्यात नियम आला: एका माणसाला दोनच फोन आणि रोख पैसे चालणार नाहीत, कार्डच हवं. रोखीला बंदी का? तर नोटेवर नाव नसतं. कार्डावर असतं. नाव असलं की मोजता येतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्यात दोन वकीलही बसले आहेत. घेतलेली वस्तू पुढे विकणं हा मुळात गुन्हा नाही. कर चुकवला, सीमाशुल्क बुडवलं, खोटं नाव दिलं तर गुन्हा. पण मी आज घेतलेला फोन उद्या शेजाऱ्याला विकला तर माझ्यामागे पोलीस येणार नाहीत. म्हणजे कायदा ज्या माणसाला अडवत नाही, त्याला अडवण्याचं काम दुकानावर येतं. दुकान म्हणजे मालक नव्हे. तो दुकानात नसतोच. दुकान म्हणजे काउंटरवर उभा असलेला विशी-बाविशीचा मुलगा किंवा मुलगी. आणि त्यांना ओळखायचं काय असतं? समोरच्या माणसाचा हेतू! जो कपाळावर लिहिलेला नसतो.

ते किती बिघडू शकतं याची दोन उदाहरणं सांगते. दोन्ही वर्तमानपत्रांत आलेली आहेत.

पहिलं अमेरिकेतलं. कामानिमित्त मी काही वर्षं बॉस्टनजवळ होते. बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये ६.२५ टक्के विक्रीकर आहे. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमध्ये विक्रीकर नाही. त्यामुळे काही महागडं घ्यायचं असलं की आम्ही सगळे शनिवारी गाडी काढून सीमेपलीकडे नॅशुआ नावाच्या गावी जायचो. तिथला मॉल अगदी सीमेवर आहे. इमारत न्यू हॅम्पशायरमध्ये राहील अशी बेतून बांधलेली, आणि वाहनतळाचा काही भाग मात्र मॅसॅच्युसेट्समध्ये. गाडी एका राज्यात लावायची आणि खरेदी दुसऱ्या राज्यात करायची. जिथे असा फरक असतो तिथे पुढे विकणारे येतातच.

डिसेंबर २०१२ मध्ये त्या मॉलमधल्या फोनच्या दुकानात एक चिनी बाई आल्या. एका माणसाला दोनच फोन, हा नियम होता. त्यांनी दोन घेतले होते, त्यांना आणखी हवे होते. चीनमधल्या नातेवाइकांसाठी, असं त्यांचं म्हणणं. पर्समध्ये १६ हजार डॉलर रोख होते. दुकानाने नाही म्हटलं, निघून जायला सांगितलं, त्या गेल्या नाहीत. दुकानाने पोलीस बोलावले. शेवट असा झाला की पोलिसांनी विजेचा झटका देणारं टेसर वापरलं आणि त्या बाई जमिनीवर पडल्या. त्यांना इंग्रजी नीट समजत नव्हतं, असं घरच्यांनी नंतर सांगितलं. त्या फोन पुढे विकणार होत्या की खरंच भाच्यापुतण्यांना देणार होत्या, मला माहीत नाही. काउंटरवरच्या माणसालाही ते माहीत असणं शक्य नव्हतं. पण ‘तिसरा फोन मिळणार नाही’ या एका साध्या वाक्यापासून सुरू झालेली गोष्ट तिथवर गेली.

दुसरं उदाहरण त्याच्या आधीचं, २०१० मधलं. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे. तेव्हा आयपॅड नुकताच आला होता आणि तिथेही तोच नियम होता: एकाला दोन, आणि रोख नाही. एका अपंग बाईंनी पैसे साठवून ६०० डॉलर जमवले आणि आयपॅड घ्यायला गेल्या. पैसे रोख होते. दुकानातून त्यांना परत पाठवलं. बातमी स्थानिक टीव्हीवर आली, गवगवा झाला, आणि कंपनीने नियम बदलला: दुकानातच खातं उघडलं तर रोख चालेल. त्या बाईंना आयपॅड भेट मिळाला. गोष्ट गोड झाली. पण बघा, पुढे विकणारा दलाल चार कार्डं घेऊन येऊ शकतो. ज्याच्याकडे कार्डच नाही, तो गरीब माणूस नियमाच्या जाळ्यात पहिला अडकतो. नियम करताना त्याचा चेहरा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग नियमच नको. ज्याला जेवढे हवेत तेवढे द्या. तसंही झालेलं आहे. जपानमध्ये थोड्या काळासाठी आलेल्या परदेशी पाहुण्यांना १० टक्के उपभोग कर माफ असायचा, अट एवढीच की वस्तू पुढे विकण्यासाठी घेतलेली नसावी. २०२२ च्या डिसेंबरमध्ये बातमी आली की ॲपलच्या जपानी कंपनीला अशा करमाफ विक्रीपोटी सुमारे १,३०० कोटी येन जादा कर भरायला सांगितला गेला. एका व्यवहारात तर एकाच माणसाने शेकडो फोन घेतले होते, असं त्या बातमीत होतं. शेकडो फोन घेणारा पाहुणा! त्याचंही बिल कुणीतरी केलं असेलच. काउंटरवरच्या मुलाने ‘नाही’ म्हटलं तर भांडण होतं आणि ‘हो’ म्हटलं तर कंपनीला दंड बसतो.

आणि ‘नाही’ सगळ्यांना एकदम सांगितलं तर? १३ जानेवारी २०१२ रोजी बीजिंगमध्ये आयफोन ४एस विक्रीला येणार होता. रात्रभर थंडीत लोक रांगेत उभे होते. त्यात दलालांनी मोलाने उभे केलेलेही बरेच होते. सकाळी जाहीर झालं की दुकान उघडणारच नाही. लोकांनी दुकानावर अंडी फेकली. नंतर बीजिंग आणि शांघायच्या दुकानांत त्या फोनची विक्री काही काळ थांबवावी लागली. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये वेगळी रीत सुरू झाली. आधी नाव नोंदवायचं, सोडत निघणार, आणि नंबर लागला तर सरकारी ओळखपत्र दाखवून फोन घ्यायचा. या रीतीत काउंटरवरच्या माणसाला कुणाचा हेतू ओळखावा लागत नाही. नाव यादीत आहे का, एवढंच बघायचं. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. तिच्याकडे मी परत येते.

आता आपल्याकडे या. एका मोठ्या दुकानासाठी आमची कंपनी बिलाची यंत्रणा करत होती. मी आमच्या वरिष्ठांना म्हटलं, कागदावरच्या अपेक्षा वाचून मी हे करणार नाही, मला दोन दिवस काउंटरमागे बसू द्या. पुण्यातल्या एका शाखेत, नवं मॉडेल आलेल्या पहिल्या शुक्रवारी आणि शनिवारी, मी बिलिंगच्या मागे एका स्टुलावर बसले. काउंटरवर बार्शीकडची तेवीस वर्षांची एक मुलगी होती. सकाळी साडेदहा ते रात्री साडेनऊ उभं राहायचं काम. तिला बसायला स्टूल नव्हतं. जे होतं त्यावर मी बसले होते.

पहिल्या तासात चार माणसं एकामागून एक आली. मजुरीचे कपडे, हातात सारख्याच बांधणीची नोटांची गड्डी आणि एकेक चिठ्ठी. चिठ्ठीवर मॉडेल, रंग आणि ‘२५६’. ती मुलगी मला हळूच म्हणाली, “मॅडम, पाचवा बाहेर टपरीवर उभाय. चिठ्ठ्या त्यानेच लिहिल्यात.” मी विचारलं, “कसं कळलं?” ती म्हणाली, “चौघांचंही अक्षर एकच आहे. आणि स्वतःसाठी फोन घेणारा माणूस आधी फोन हातात धरून बघतो. मग बायकोला फोन करतो. हे बघतसुद्धा नाहीत.” मला माझ्या अभियांत्रिकीच्या पदवीची तेव्हा थोडी लाज वाटली. ही ओळखायची कला मला चार वर्षांत कुणी शिकवली नव्हती.

पण ओळखलं म्हणून करायचं काय? नियमाप्रमाणे एका मोबाइल नंबरवर दोन फोन. चौघांचे नंबर वेगळे. नियम मोडलेला नाही. तिने चौघांना चार फोन दिले. फक्त एक केलं, दुकानाच्या रिवाजाप्रमाणे बिल झाल्यावर डब्याचं सील तिथेच उघडलं आणि फोन सुरू करून दिला. सुरू झालेल्या फोनला पुढे तेवढा भाव येत नाही, आणि हमीचा काळही तिथूनच मोजला जातो. चौथ्या माणसाचा चेहरा पडला. तो म्हणाला, “ताई, उघडू नका ना, मला आजचे पैसे मिळायचे नाहीत.” ती म्हणाली, “दादा, सगळ्यांचाच उघडते.” आवाज चढवला नाही. त्या माणसाला रांगेत उभं राहायचे काहीशे रुपये मिळणार होते. त्याचा त्यात काय दोष होता, हे मला आजही सांगता येत नाही.

दुपारी एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांना एकाच रंगाचे तीन फोन हवे होते. पत्नीला एक आणि दोन सुनांना दोन. म्हणाले, “एकीला वेगळा दिला तर घरात महाभारत होईल.” हे खरं बोलतायत हे दुकानातल्या प्रत्येकाला दिसत होतं. यंत्रणा दोनवर थांबत होती. मुलीने सांगितलं, “काका, एका नंबरवर दोनच मिळतात.” काका म्हणाले, “मी काय काळाबाजार करणारा दिसतो?” मग आवाज वाढला. “तुम्हा लोकांना माणसं ओळखता येत नाहीत,” असं म्हणाले. (सकाळी तिने चौघांना अक्षरावरून ओळखलं होतं!) ती गप्प उभी राहिली. वीस मिनिटांनी मॅनेजर आले, त्यांनी स्वतःच्या अधिकारात तिसरा फोन दिला. काकांनी मॅनेजरशी हात मिळवला आणि मुलीकडे न बघता गेले.

ती आत जाऊन पाणी पिऊन आली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हसून “नमस्कार” म्हणाली. संध्याकाळी दुकान रिकामं झाल्यावर मी तिला विचारलं, “आमच्या मशीनमध्ये काय बदलू?” ती म्हणाली, “मॅडम, तुमचं मशीन ‘नाही’ म्हणत नाही. ते नुसतं लाल होतं. ‘नाही’ मला म्हणावं लागतं.”

मित्रांनो, माझ्या कामाबद्दल यापेक्षा नेमकं वाक्य मला कुणी ऐकवलेलं नाही.

त्यानंतरच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडल्या. पहिली, नियम दारात सांगा. रांगेत उभं राहण्याआधी, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत. तासभर उभं राहून, खिशातून पैसे काढल्यावर ‘नाही’ ऐकणं हा अपमान वाटतो. तेच आधी कळलं तर ती नुसती माहिती असते. आणि जे मोजता येतं त्याचाच नियम करा, किती नग, कोणता नंबर, यादीत नाव आहे का. हाँगकाँगच्या सोडतीतून घ्यायचं ते एवढंच. कपडे, भाषा, नोटांची गड्डी बघून हेतू ठरवायचं काम काउंटरवरच्या मुलांवर टाकू नका. त्यांना ते जमतं, पण ते त्यांचं काम नव्हे. आज गड्डीवरून संशय घेतील, उद्या आडनावावरून घेतील.

दुसरी, तिला दार ठेवा. दोन सुना असलेले काका येणारच. कारण लिहून एक जादा फोन देण्याचा अधिकार काउंटरवरच्या माणसाला असू द्या. महिन्यातून किती वेळा, ते ठरवा. नोंद राहील, नंतर तपासा. पण मॅनेजर येईपर्यंत वीस मिनिटं तिला शिव्या खायला उभी करू नका.

तिसरी गोष्ट पैशांची होती. या मुलांना महिन्याचं टार्गेट असतं. इतके फोन विकले तर इन्सेंटिव्ह. आणि दुसरीकडे त्यांनी विकलेला फोन परदेशात जाऊन सुरू झाल्याचं उघड झालं तर तोच इन्सेंटिव्ह कापला जातो. आता बघा, महिनाअखेर आहे, टार्गेटला सहा फोन कमी पडतायत, आणि समोर सहा फोन एकदम घेणारा उभा आहे. त्याला ‘नाही’ म्हटलं तर पगार कमी, ‘हो’ म्हटलं तर पुढे कापला जाण्याची भीती. मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी तिच्याच खिशाला हात घालू नका. नियम पाळून केलेली विक्री असेल तर पुढे फोन कुठेही जावो, तिचा पैसा कापायचा नाही.

पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. आता त्या दुकानाच्या काउंटरवर पडदा नुसता लाल होत नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूलाही एक छोटा पडदा असतो आणि त्यावर मराठीत येतं, ‘हा नियम सर्वांसाठी आहे. एका नंबरवर दोन फोन.’ म्हणजे ‘नाही’ पडदा म्हणतो, आणि त्या मुलीला म्हणायला उरतं ते ‘थांबा, मी बघते काही करता येतं का’. तिसरी गोष्ट मान्य झाली नाही. “हा धोरणाचा विषय आहे, सॉफ्टवेअरचा नाही,” असं सांगण्यात आलं. मी दर वर्षी विचारते. यंदाही विचारलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या सगळ्यांचा आहे. टपरीवरचा पाचवा माणूस आता टपरीवर उभा राहत नाही. तो आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर असतो. त्याचा निरोप येतो, “तुमच्या बँकेच्या कार्डावर सवलत आहे. फक्त ऑर्डर करा, पैसे मी देतो, वर तुम्हाला हजार रुपये.” आपल्यातले बरेच जण हे करतात. चांगल्या घरचे, चांगल्या पगाराचे. यात गैर काय, असं वाटतं. बिल तुमच्या नावावर फाटतं. तो फोन पुढे कुणाच्या हातात गेला हे तुम्हाला माहीत नाही, पण त्याचा आयएमईआय क्रमांक तुमच्या बिलावर आहे. फोन एखाद्या भलत्या प्रकरणात सापडला तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. शिवाय एका वर्षात कार्डाची बिलं १० लाखांवर गेली की बँक ती माहिती प्राप्तिकर खात्याला कळवते. हजार रुपयांसाठी केलेल्या उद्योगाचं उत्तर तिथे द्यावं लागतं. आणि त्या रांगेतल्या चौथ्या माणसाला चिठ्ठी देऊन उभं केलं होतं, त्याला त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. आपल्याला तसं काय कमी आहे, एवढं स्वतःला विचारून बघा.

आणि पुढच्या वेळी दुकानात कुणी ‘दोनच मिळतील’ म्हणालं, तर त्या मुलावर ओरडू नका. नियम त्याने केलेला नसतो. तो करणारे माझ्यासारखे लोक वातानुकूलित खोलीत बसलेले असतात. तक्रार करायची तर लेखी करा, वर करा. ती आमच्यापर्यंत पोचते, खरंच पोचते. काउंटरवर ओरडलेलं मात्र तिथेच त्या पोराच्या अंगावर पडून संपतं.

इथे गुरुजन बसले आहेत म्हणून एक आठवण सांगते. आपल्या ग्रंथालयाच्या बाईंचा नियम होता, आठवड्याला एकच पुस्तक. तो त्यांनी जूनच्या पहिल्या तासाला सगळ्या वर्गाला सांगितला होता, कारणासकट: पुस्तकं दोनशे आणि मुलं साडेतीनशे. नंतर वर्षभर कुणाला ‘नाही’ ऐकून वाईट वाटलं नाही. आणि परीक्षेनंतर कुणी रेंगाळत कपाटापाशी उभं राहिलं, तर बाई रजिस्टरमध्ये काहीतरी लिहायच्या आणि दुसरं पुस्तक हातात ठेवायच्या. त्या रजिस्टरमध्ये काय लिहायच्या ते मी कधी पाहिलं नाही. बाई आज इथे आल्या आहेत. भाषण झाल्यावर विचारणार आहे.

तिसऱ्या रांगेतल्यांनी जेवताना भेटावं. फोन मिळणार नाही.